कार बूट सेल की ऑनलाइन?

इंग्लंडच्या लेस्टरमधलं बिऱ्हाड आवरून पुण्याला परतणाऱ्या एका वहिनींना प्रश्न पडला होता: सामान रविवारच्या कार बूट सेलला (मैदानात गाड्या लावून डिकीतूनच जुन्या वस्तू विकायचा बाजार) न्यावं, की ऑनलाइन विकावं? मी दोन्ही करून बसलोय.

पैशाच्या बाबतीत ऑनलाइन सरळ पुढे. सेलला गाडी लावायचं भाडं आधीच मोजावं लागतं. आमच्याकडे 10 पौंड, व्हॅनला जास्त. शिवाय पाचची चिठ्ठी लावलेली वस्तू दोनला जाते. ईबेवर ब्रिटनमधल्या खासगी विक्रेत्यांना ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक वस्तूंवर विक्रीशुल्क नाही. आणि कुकर हवा असलेलं गिऱ्हाईक तिथे स्वतः शोधत येतं. सेलमध्ये एक आजोबा माझ्या कुकरची शिट्टी बोटांत फिरवत "हे काय वाजतं?" विचारत राहिले. घेतला नाहीच.

मेहनतीचं गणित मात्र उलटं. पहाटे पाचला उठायचं, अंधारात डिकी उघडताच जुन्या मालाचे डीलर टॉर्च घेऊन खोक्यांत हात घालतात. (तेव्हा भाव सांगूच नका, आधी मांडून घ्या.) पण दुपारपर्यंत सुटका, पैसे रोख. ऑनलाइनला फोटो, मापं, पार्सल, आणि "अजून आहे का?" विचारून गायब होणारी मंडळी.

पाऊस आला तर सेल बोंबलला.

मुलांची खेळणी, कपबश्या, पुस्तकं असा किरकोळ पसारा असेल आणि घर पंधरा दिवसांत रिकामं करायचं असेल, तर कार बूट. मिक्सर, कॅमेरा, चांगलं फर्निचर असेल आणि हाताशी महिना असेल, तर ऑनलाइन.