लेबल काढायला पावडर की अमोनिया?

घरच्या बिअरची ५ गॅलनची एक बॅच भरायची तर ३५५ मिलीच्या पन्नासेक बाटल्या लागतात. वापरलेल्या बाटल्या जमवल्या की लेबलांचा प्रश्न येतोच. फिरकीच्या झाकणाच्या आणि थेट काचेवर छापलेल्या बाटल्या आधीच बाजूला काढा. बाकीच्यांसाठी खायचा सोडा आणि कढत पाणी हा सगळ्यात स्वस्त उपाय, पण कागद निघतो आणि डिंक तसाच राहतो. त्यामुळे खरी निवड पुढच्या दोघांतच.

पहिली, सोडियम परकार्बोनेटची पावडर. कपड्यांचे डाग काढायला वापरतात ती, बिनवासाची घ्यायची. गरम पाण्यात टाकली की फसफसते, तासाभरात लेबलं सुटून तरंगायला लागतात. तळाला धरलेलं जुनं यीस्टही निघतं, हा तिचा मोठाच गुण. पाणी हलकं असतं तर मी दुसरं काही शोधलंच नसतं.

पण मी अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत राहतो. इथलं पाणी एडवर्ड्स अ‍ॅक्विफर या जमिनीखालच्या पाणीसाठ्याच्या चुनखडीतून येतं, चांगलंच जड. परकार्बोनेट विरघळलं की त्यातून धुण्याचा सोडा सुटतो आणि पाण्यातल्या कॅल्शियमचा चुना होऊन काचेवर बसतो. बोअरच्या पाण्याने गीझरच्या कॉइलवर बसतो, तोच हा थर. रात्रभर भिजवलेल्या माझ्या बाटल्या सकाळी ओल्या असताना लख्ख दिसत होत्या. वाळल्यावर बघतो तर प्रत्येकीवर पिठाचा हात लागल्यासारखा पांढरेपणा, बोट फिरवलं की खरखरीत. बाहेरून तो पुसता येतो, पण आत, खांद्याच्या वळणाला, ब्रश नीट लागत नाही. पन्नासच्या पन्नास बाटल्या पुन्हा व्हिनेगरच्या पाण्यातून काढल्या. अख्खा रविवार त्यात गेला.

अमोनियाने असा थर मला कधी दिसला नाही. ५ गॅलन गार पाण्याला कपभर साधा, बिनसाबणाचा अमोनिया घालायचा आणि बादलीला झाकण लावून रात्रभर ठेवायचं. सकाळी अंगठ्याने ढकललं की लेबल डिंकासकट अख्खं घसरतं. वास मात्र उग्र, डोळ्यांत पाणी आणणारा. त्यामुळे गॅरेजचं दार उघडं आणि हातात मोजे हवेतच. ब्लीच जवळपासही नको, दोन्ही एकत्र आले की क्लोरामाइनचा विषारी वायू होतो. आतलं यीस्टही याने तितकंसं सुटत नाही, म्हणून बिअर ग्लासात ओतली की मी बाटली लगेच तीनदा विसळून ठेवतो.

तुम्ही फ्लॅटमध्ये राहत असाल किंवा घरात लहान मूल असेल, तर मला वाटतं पावडरच बरी. फक्त बाटल्या तासाभरात बाहेर काढा, रात्रभर ठेवू नका. माझ्या गॅरेजच्या फळीवर मात्र आता अमोनियाच असतो. उरलेली पावडर फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, धुवायला लागते.