जुन्या ट्रॅक्टरचं ढिलं स्टिअरिंग: स्क्रू कसायचा, सांधे बदलायचे की बॉक्स उघडायचा?

स्टिअरिंग वीतभर फिरवलं तरी पुढची चाकं ढिम्म, आणि रस्त्यावर सरळ जायचं म्हटलं तरी सारखं डावं-उजवं सावरत बसायचं. चाळीस-पन्नास वर्षं राबलेल्या ट्रॅक्टरचं हे दुखणं नेहमीचंच. त्यावर उपाय चार: स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सवरचा (पुढे नुसतं ‘बॉक्स’) अॅडजस्टिंग स्क्रू कसणं, बाहेरचे बॉल जॉइंट आणि बुश बदलणं, बॉक्स उघडून आतले गिअर बदलणं किंवा सरळ पॉवर स्टिअरिंग बसवणं. यातले पहिले तीन मी एकाच ट्रॅक्टरवर करून पाहिले, तेही उलट्यासुलट्या क्रमाने, त्यामुळे कशाने काय होतं हे चांगलंच लक्षात राहिलं.

आधी थोडं गणित, कारण निवड त्यावरच ठरते. समजा बॉक्सच्या ड्रॉप आर्मची (बॉक्समधून बाहेर आलेल्या, चाकं वळवणाऱ्या दांड्याची) लांबी 15 सेंमी आहे, बॉक्सचं गुणोत्तर 15:1 आहे आणि स्टिअरिंगच्या चाकाची त्रिज्या 21 सेंमी. आर्मपेक्षा चाक 1.4 पट मोठं, त्याला 15 ने गुणा, झाले 21. म्हणजे आर्मच्या टोकाशी 1 मिमी ढिलाई असली की हातात 21 मिमी, दोन सेंमीहून जास्त, मोकळं फिरणं जाणवतं. अर्ध्या अर्ध्या मिमीचे चार सांधे एका ओळीत आले की झाले चार सेंमी, आणि एकेक सांधा सुटा हलवून पाहिला तर प्रत्येक जण ‘मी ठीक आहे’ म्हणतो. बॉक्सच्या आतल्या दातांची ढिलाई याहून जास्त पटींनी वर येते, कारण सेक्टरची (आर्म फिरवणाऱ्या, अर्धवट चक्रासारख्या गिअरची) त्रिज्या आर्मपेक्षा लहान असते. म्हणून बॉक्सवर संशय घेणं चूक नाही. न बघता त्यालाच धरणं मात्र चूक आहे.

बघायला दोन माणसं आणि दहा मिनिटं पुरतात. इंजिन बंद, चाकं जमिनीवरच. एकाने स्टिअरिंग हलक्या हाताने इकडून तिकडे, फक्त मोकळं फिरतं तेवढंच, हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्याभोवती मूठ धरायची. डोळ्याला न दिसणारी ढिलाई तळहाताला लागते, बारीक ‘टक’ अशी. वरचा शाफ्ट फिरतोय पण ड्रॉप आर्म हलत नाही, तर ढिलाई बॉक्समध्ये. आर्म हलतोय पण ड्रॅग लिंक (आर्मपासून चाकाकडे जाणारी दांडी) थांबलेली, तर तो जॉइंट गेला. लिंक हलते पण स्पिंडल (चाक ज्यावर बसतं आणि वळतं तो भाग) फिरत नाही, तर स्पिंडलवरच्या आर्मची चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) किंवा त्याचा क्लॅम्प बोल्ट बघा. याच वेळी बॉक्सचे बुडाचे बोल्टही तपासा. सगळा बॉक्सच आपल्या जागेवर डोलतोय आणि मालक नव्या गिअरांची चौकशी करतोय, असं मी पाहिलेलं आहे.

मग पुढचा अॅक्सल जॅकवर घ्या आणि खाली ठोकळे लावा. नुसत्या जॅकवर विसंबून खाली हात घालू नका. चाक वर-खाली धरून हलवलं आणि हललं तर किंगपिनचा (ज्या पिनवर स्पिंडल वळतो तिचा) बुश किंवा हबचं बेअरिंग. त्या वेळी हब स्पिंडलवर हलतोय की हबसकट स्पिंडलही हलतोय, हे पाहिलं की दोन्ही वेगळे ओळखू येतात. अॅक्सलच्या मधल्या पिनकडे फारसं कुणी बघत नाही. ती झिजली की अख्खा अॅक्सल मागे-पुढे सरकतो, आणि बसलेल्याला वाटतं स्टिअरिंगच ढिलं झालं.

आता पहिले दोन उपाय शेजारी ठेवू. स्क्रू कसायला एक पाना, एक पेचकस आणि पाव तास लागतो. सांधे बदलायला दोन दिवस, आणि बुश बसवायचे तर रीमर किंवा लेथ. स्वाभाविकच सगळे स्क्रूकडे धावतात. मीही धावलो. मध्यावर स्टिअरिंग अगदी घट्ट होईपर्यंत कसलं आणि खूश होऊन शेतात गेलो. पहिल्याच वळणावर ते कडेला जाऊन असं अडकलं की दोन्ही हातांनी ओढून परत आणावं लागलं. नंतर बॉक्स उघडला तेव्हा कारण समोर दिसलं: सेक्टरच्या मधल्या दातांवर नखाला अडकेल अशी पायरी पडलेली, आणि कडेचे दात जवळजवळ कोरे. ट्रॅक्टर बहुतेक वेळ सरळच चालतो, त्यामुळे झीज मध्यावर जास्त होते. झिजलेल्या मध्याचं माप धरून कसलं की न झिजलेल्या कडा जाम होणारच. म्हणून मध्यावर थोडी ढिलाई राहिली तरी चालेल, पण कसल्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्टिअरिंग सारख्या जोराने फिरलं पाहिजे. कुठे जड लागलं तर स्क्रू मागे घ्या. आणि तो कसायच्या आधी वर्मची (सेक्टरला फिरवणाऱ्या, स्क्रूसारख्या गिअरची) वर-खाली हालचाल शिमने (पातळ चकत्यांनी) काढायची असते. तो क्रम चुकला तर दोन्ही मापं खोटी ठरतात.

जुन्या पद्धतीच्या ड्रॅग लिंकच्या टोकाला आटे असलेलं बूच आणि आत स्प्रिंग असते, तिथेही हाच मोह होतो. बूच घट्ट करा, स्प्लिट पिनच्या पुढच्या भोकापर्यंत परत सैल करा, झालं. बॉल गोल असेल तर हे योग्यच आहे. तो अंडाकृती झिजला असेल तर मध्यावर ठीक वाटतं आणि वळणावर पकडतं, आणि त्या ताणाने स्टड तुटला तर चाक कुठे जाईल ते आपल्या हातात राहत नाही. अशा जॉइंटला नवा जॉइंट हाच उपाय. वेल्डिंग करून भरणं, तापवून दाबणं हे प्रकार स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर नकोतच.

सांधे बदलण्याचं काम मेहनतीचं आहे, पण त्यात फसवणूक नाही. टेपरमध्ये बसलेला स्टड काढताना आट्यांवर हातोडा मारू नका. आर्मच्या डोळ्याला एका बाजूला जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्याने ठोका, टेपर सुटतो. टाय रॉडचं (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याचं) टोक उघडताना किती फेरे फिरलं ते मोजून लिहून ठेवा. बहुधा एका टोकाला उलटे आटे असतात, हेही ध्यानात असू द्या. किंगपिनचा नुसता बुश बदलून भागतं का, हे पिनच्या झिजेवर ठरतं. पिनवर खाच लागत असेल तर नवा बुश थोड्याच दिवसांत सैल होतो. एक इशारा: तपासणीच्या आदल्या दिवशी ग्रीस मारू नका. ताजं ग्रीस फटीत भरतं आणि गेलेला सांधाही दोन दिवस सज्जनासारखा वागतो.

माझा कौल म्हणून बहुतेक ट्रॅक्टरसाठी सांध्यांच्या बाजूने. पण इथे एक अपवाद ठळकपणे सांगायला हवा. 1939 साली आलेला फोर्ड 9एन आणि 1946 ते 1956 दरम्यान निघालेला फर्ग्युसन टीई20, यांच्या बॉक्समध्ये एका पिनियनवर (लहान गिअरवर) दोन सेक्टर असतात आणि दोन्ही बाजूंना एकेक ड्रॉप आर्म, एकेक ड्रॅग लिंक. दोन चाकांना जोडणारा टाय रॉडच नसतो. त्यामुळे सेक्टर झिजले की दोन्ही चाकं एकमेकांशी फटकून वागतात आणि टो-इन (चाकं पुढच्या बाजूला किंचित आत वळलेली असणं) स्थिर राहत नाही. असा ट्रॅक्टर असेल तर बॉक्सची पाळी लवकर येते. उघडताना पिनियन आणि दोन्ही सेक्टरच्या दातांवर खुणा करून ठेवा, नाहीतर जोडताना एक दात पुढे-मागे होतो आणि सरळ जाताना एक चाक बाहेर पाहतं.

बॉक्स उघडायचाच ठरला, तर जुना दुरुस्त करायचा की तयार बॉक्स बसवायचा? केसिंग शाबूत असेल तर मी दुरुस्तीच करीन: सेक्टर, वर्म, बेअरिंग, बुश आणि सील एकदम. वर्म नवा आणि सेक्टर जुना अशी जोडी लावली तर जुने दात नव्यालाही खातात. मूळ भागांसकट ट्रॅक्टर जपायचा असेल तर हा रस्ता आणखी योग्य. केसिंगला तडा असेल किंवा सेक्टर शाफ्टची बैठकच लांबट झाली असेल, तर दुसरा बॉक्स पाहणं शहाणपणाचं. पण वापरलेला बॉक्स घेताना मध्यावरची ढिलाई हाताने तपासल्याशिवाय घेऊ नका, नाहीतर आपलंच दुखणं दुसऱ्याच्या केसिंगमध्ये घरी येईल. तेल गळतंय म्हणून बॉक्समध्ये घट्ट ग्रीस भरण्याची सवयही सोडा. वर्म ते बाजूला सारतो, ते परत खाली येत नाही, आणि दात कोरडेच फिरतात. सील बदला आणि पुस्तिकेत सांगितलेलं तेल भरा.

पॉवर स्टिअरिंगचं थोडक्यात. पुढे लोडर लावून दिवसभर माती उचलायची असेल किंवा खांदे दुखत असतील तर जरूर बसवा. ढिलाई घालवायला मात्र ते नको. सिलिंडरने लिंकला ढकललं की जड स्टिअरिंग हलकं होतं, पण किंगपिन आणि टाय रॉडची ढिलाई जागच्या जागी राहते आणि आता त्यांच्यावर हातापेक्षा मोठा जोर येतो. टीई20 सारख्या ट्रॅक्टरचा स्वतःचा हायड्रॉलिक पंप स्टिअरिंगला चालत नाही, कारण तो पीटीओच्या (अवजारं फिरवणाऱ्या) शाफ्टवर फिरतो. क्लच दाबला की पंप थांबतो, म्हणजे नेमकं वळताना स्टिअरिंग जड. त्यासाठी इंजिनवर चालणारा वेगळा पंप, टाकी, पाइप आणि हे सगळं बसवायला जागा लागते.

काहीही केलं तरी शेवटी टो-इन पुस्तिकेप्रमाणे लावा, लॉकनट कसा आणि प्रत्येक कॅसल नटमध्ये नवी स्प्लिट पिन घाला. जुनीच वाकवून परत घालू नका. पहिल्या आठ-दहा तासांच्या कामानंतर ड्रॉप आर्मचा नट आणि बॉक्सचे बोल्ट पुन्हा तपासा. माझ्या ट्रॅक्टरच्या नटने त्या वेळी आणखी पाव फेरा घेतला होता.