नाथ पै सर्कलला न येणारी गाडी (नऊ महिने वापरून)

मागच्या दिवाळीत या बेळगाव-पुणे खासगी स्लीपर बसला मीच पाच स्टार दिले होते आणि बेळगावच्या शहापुरातल्या निम्म्या लोकांना हीच गाडी घ्या म्हणून सांगितलं होतं. ते सगळं आता मागे घेतो. कंपनीचं नाव लिहीत नाही. वरचं वाचून ज्यांना कळायचं त्यांना कळलं असेल.

गाडी, बर्थ, भाडं यावर माझं काही म्हणणं नाही. माझं भांडण आहे पॉइंटचं. तिकिटावर बोर्डिंग पॉइंट छापतात 'नाथ पै सर्कल, रात्री 9.45'. आमच्या घरापासून चालत पाच मिनिटं, म्हणून तर ही गाडी धरली. पावणेदहाला बॅग घेऊन उभं राहायचं. दहाला फोन केला की क्लीनर म्हणणार, "ऐद मिनिट री, बरतैती" (पाच मिनिटं, येतेय). सव्वादहाला काउंटरवरून फोन येणार, "ओ, गाडी आत येत नाही ओ आज, ट्रॅफिक हाय. गांधीनगरला या की पटकन." रात्री सव्वादहाला शहापुरात कसला ट्रॅफिक! हायवेवरून आत यायचं डिझेल वाचवायचं असतं, एवढंच.

हायवेवरच्या गांधीनगरपर्यंत रिक्षा 120 रुपये. रात्रीची वेळ आणि हातात बॅग बघितली की त्यात घासाघीस होत नाही. मी खर्चाच्या वहीत लिहून ठेवलंय: बेळगावहून अठरा खेपा, त्यात गाडी नाथ पैला आली पाच वेळा. म्हणजे तेरा रिक्षा, 1,560 रुपये. बायको म्हणते, एवढ्याशा पैशासाठी रक्त आटवू नका. पण पॉइंट छापायचा एक आणि उभं करायचं दुसरीकडे, मग तिकिटावर छापता तरी कशाला?

उशिराबद्दल मी काही बोलत नाही. कागल ते सातारा सहापदरीचं काम चाललंय, जिथं तिथं डायव्हर्शन, त्याला ड्रायव्हर काय करणार? ड्रायव्हर चांगलेच आहेत, खंबाटकीत कधी भीती वाटली नाही. आणि एक कबूल करायला हवं. फेब्रुवारी 2025 मध्ये कर्नाटकच्या कंडक्टरला झालेल्या मारहाणीवरून तापलं आणि कर्नाटक-महाराष्ट्र दोन्हीकडच्या सरकारी गाड्यांचे हाल झाले, तेव्हा यांनी स्वतः मेसेज पाठवून गाडी रद्द केली आणि दोन दिवसांत पूर्ण पैसे परत दिले. त्या आठवड्यात मी रिक्षाचे पैसेही माफ करायच्या बेतात होतो.

मग जुलै आला. त्या रात्रीही अर्थात गांधीनगरलाच बसलो. निपाणीच्या अलीकडे तवंदी घाटात क्लच प्लेट गेली. बाहेर धो धो पाऊस, एसी बंद, काचा उघडत नाहीत. क्लीनर म्हणाला, दुसरी गाडी कोल्हापुरातून निघाली. तासाभराने म्हणाला, निघतेय. कस्टमर केअरला लावलं तर हिंदीत "आपका कॉल हमारे लिए महत्वपूर्ण है" आणि मागे सनई. बावीस मिनिटं सनई ऐकली. समोरच्या बर्थवर एक आजी होत्या, लेकीकडे निघालेल्या, मांडीवर कुंद्याचा डबा. तो त्यांनी उघडला आणि सगळ्यांना चमचा चमचा वाटला. म्हणाल्या, "खावा की, पुण्यापर्यंत काय टिकत नाही आता हे."

दीड वाजता मागून कर्नाटकची लाल गाडी आली. आम्ही सात-आठ जण हात करून उभे राहिलो. कंडक्टरने आजींना पुढची सीट मोकळी करून दिली आणि तिकीट फाडलं निपाणीपासूनचं, घाटापासूनचं नाही. टॉवेलही दिला हो त्याने, स्वतःचा.

रिफंडसाठी बेळगावचा काउंटर म्हणतो पुण्याला बोला. पुणे म्हणतं, तिकीट ॲपवरून काढलंय, ॲपला बोला. ॲप म्हणतं, ऑपरेटरने 'प्रवास पूर्ण' दाखवलाय. गाडीची नंबर प्लेट नागालँडची, तेव्हा तिथेही विचारावं काय? सीमाप्रश्नाच्या खटल्यात 2004 पासून आमचा अख्खा जिल्हा सुप्रीम कोर्टात तारखा बघतोय, त्यामुळे इकडून तिकडे ढकलणं आम्हाला नवीन नाही. पण निदान तिकडे वकील तरी बोलतात, इथे नुसती सनई.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली, मराठीत बोलता येतं. बाराव्या दिवशी तिकिटाचे पैसे आले, पूर्ण. रिक्षाच्या 1,560 बद्दल मात्र कंपनीचं उत्तर: 'पिक-अप पॉइंटमध्ये बदल होऊ शकतो.' आणि सोबत 100 रुपयांचं कूपन, मुदत 30 दिवस, तेही त्यांच्याच गाडीसाठी!

ओळखीच्या वकिलांना विचारलं. म्हणाले, जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथेच दावा घालता येतो, पुण्याला जायची गरज नाही. दोन वर्षांची मुदत आहे. कागद काढून ठेवलेत: अठरा तिकिटं, फोनचे स्क्रीनशॉट, वहीच्या पानांची झेरॉक्स. झेरॉक्सचे 34 रुपये झाले, तेही वहीत लिहिलेत.

सध्या निपाणी गाडी, तिथून कोल्हापूर, मग एसटी, असं तुकड्या-तुकड्याने जातो. आई बरोबर असली की निपाणीपर्यंत आधार दाखवून तिचं तिकीट शून्य, कर्नाटकच्या सरकारी गाडीत बायकांना फुकट असतं. कंबर मोडते हे खरं, आणि कोल्हापूर स्टँडवर रात्री डास फोडून खातात. म्हणून विचारतो, शुक्रवारी रात्री खरोखर नाथ पै सर्कलला येऊन थांबणारी पुणे गाडी कुणाला ठाऊक आहे का? तिकिटावर छापलेली नको. डोळ्यांनी बघितलेली सांगा.