तीन वर्षांचा डीबीए एक्सपिरियन्स विकत घेतला होता मी

आधीच सांगतो, यात मी अगदी बिचारा वगैरे नाहीये. मला फसवलं हे खरंय, पण अर्ध्या रस्त्यात मला कळलं होतं की हे काहीतरी खोटं चाललंय आणि तरी मी पुढे गेलो, कारण पैसे भरून झाले होते. हे लिहायला लाज वाटते म्हणून इतके दिवस लिहिलं नाही. आता एका ओळखीच्या मुलाने तसल्याच एका कोर्सची जाहिरात मला पाठवून विचारलं की घेऊ का, तेव्हा म्हणलं लिहूनच टाकू.

मी तेव्हा सपोर्टला होतो. तिकिटं बघायची, पासवर्ड रिसेट करायचे, डीबीए (डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे कंपनीचे डेटाबेस सांभाळणारा) टीमने दिलेली स्क्रिप्ट जशीच्या तशी चालवायची आणि आउटपुट त्यांना परत पाठवायचं. थोडं एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, येत होतं, दोन टेबल जोडणारं जॉइन वगैरे जमायचं. डीबीए व्हायचं डोक्यात बसलेलं, पण जागा बघायला गेलं की ज्युनिअर डीबीएला पण दोन-तीन वर्षांचा अनुभव मागतात. आणि ते चूक पण नाही हो, प्रॉडक्शन डेटाबेसच्या चाव्या नवख्या माणसाच्या हातात कोण देईल? डेव्हलपरचा कोड चुकला तर रोलबॅक करता येतो, डीबीएने चुकीच्या सर्व्हरवर चुकीची कमांड मारली तर अख्खी कंपनी थांबते. म्हणजे अनुभवाशिवाय नोकरी नाही आणि नोकरीशिवाय अनुभव नाही. हे असले कोर्सवाले नेमके याच फटीत दुकान लावून बसतात.

जाहिरातीत लिहिलेलं, ओरॅकल आणि मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर दोन्ही डेटाबेस, लाइव्ह क्लायंट प्रोजेक्ट, एक्सपिरियन्ससकट प्लेसमेंट. नंबर दिला तर दहा मिनिटांत एका मॅडमचा फोन. इतक्या गोड बोलणाऱ्या की काय सांगू. सर तुम्ही टेन्शन घेऊ नका, तुमचं प्रोफाइल आम्ही बनवणार, इंटरव्ह्यू आम्ही लावणार, नोकरी नाही लागली तर फी परत. फी तीन टप्प्यात होती, आधी ट्रेनिंगची, मग लाइव्ह प्रोजेक्टची, मग 'प्रोफाइल'ची. एकदम आकडा कधीच सांगितला नाही, आणि एकेक टप्पा भरत गेलं की मागचे पैसे बुडतील म्हणून पुढचे भरावे लागतात. सगळे मिळून माझा आठ महिन्यांचा पगार गेला.

त्यांच्या माहितीपत्रकात मायक्रोसॉफ्टचं एमसीएसए सर्टिफिकेशन छापलेलं होतं, 'गॅरंटीड पास'. एमसीएसए ३१ जानेवारी २०२१ ला बंद झालंय, त्यानंतर ते कुणालाच देता येत नाही, आणि मी पैसे भरले ते त्याच्या बऱ्याच नंतर. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर बघायला दोन मिनिटं लागली असती. नाही बघितलं. नंतर कळलं की 'गॅरंटीड पास' म्हणजे चोरलेल्या प्रश्नांची पीडीएफ, आणि ती वापरताना पकडलं तर सर्टिफिकेट रद्द होतं, वर परीक्षेला बसायची बंदी येते ती वेगळीच.

क्लासबद्दल फार सांगण्यासारखं नाही. रेकॉर्डिंग होती, आठवड्यातून एकदा सर लाइव्ह यायचे आणि स्लाइड वाचून दाखवायचे. एसजीए म्हणजे काय, पीजीए म्हणजे काय (दोन्ही ओरॅकलच्या मेमरीचे भाग), बॅकग्राउंड प्रोसेस किती. समोर डेटाबेस चालू करून कधी बंद पाडून दाखवला नाही. बॅकअपचा धडा एका तासात संपला, रिस्टोअर, म्हणजे बॅकअपवरून डेटाबेस परत उभा करणं, 'होमवर्क'.

खरी मजा लाइव्ह प्रोजेक्टची. एका सर्व्हरचं लॉगिन दिलं, सांगितलं की हा परदेशातल्या क्लायंटचा पेरोल डेटाबेस आहे, बाहेर बोलायचं नाही, गोपनीयतेच्या कागदावर सही पण घेतली. मी तर हवेत. टेबल उघडलं, काउंट घेतला तर ९,१७,५०४ ओळी. वाटलं बाप रे, केवढी मोठी कंपनी. प्रायमरी की (प्रत्येक ओळीची वेगळी ओळख, जिच्यामुळे डुप्लिकेट जात नाही) नव्हती टेबलला, सरांना विचारलं तर म्हणाले परफॉर्मन्ससाठी काढलीये. हे वाक्य ऐकूनच उठून जायला पाहिजे होतं, पण तेव्हा मला काय कळतंय.

काही दिवसांनी सहज म्हणून नावांवर सिलेक्ट डिस्टिंक्ट मारलं, म्हणजे एकच नाव परत परत न दाखवता वेगळी नावं तेवढी काढली. १४ ओळी आल्या. स्मिथ, अ‍ॅलन, वॉर्ड, जोन्स, ब्लेक... किंग हा प्रेसिडेंट, पगार ५०००. स्मिथ क्लार्क, पगार ८००, रुजू झाल्याची तारीख १७ डिसेंबर १९८०. ज्यांनी ओरॅकलवर थोडं तरी काम केलंय ते आत्ता हसत असतील. ही ओरॅकलबरोबर कित्येक दशकं येणारी सॅम्पल टेबल आहे, ईएमपी, जिचा युजर स्कॉट आणि पासवर्ड टायगर. ओरॅकलच्या अगदी सुरुवातीच्या लोकांपैकी एक ब्रूस स्कॉट, त्याचं नाव आणि त्याच्या घरच्या मांजरीचं नाव. लोक पहिल्या दिवशी ज्याच्यावर शिकतात ते. यांनी काय केलं होतं तर टेबलचं आणि कॉलमची नावं बदलली, प्रायमरी की उडवली (नाहीतर डुप्लिकेट गेलेच नसते ना) आणि टेबलमधल्या ओळी त्याच टेबलमध्ये परत टाकल्या, १६ वेळा. १४ ला १६ वेळा दुप्पट करा, बरोबर ९,१७,५०४ येतात. मी कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, दोनदा.

मॅडमना फोन केला. एक सेकंद पण न अडखळता म्हणाल्या, सर डेटा मास्क केलेला असतो ना, क्लायंटची प्रायव्हसी. आता डेटा मास्किंग, म्हणजे खरी माहिती झाकून तिच्या जागी बनावट घालणं, ही खरी गोष्ट आहे, त्यामुळे उत्तर बरोबर वाटलं. म्हणजे वाटून घेतलं मी. कारण हे खोटं आहे म्हणलं असतं तर दोन टप्प्यांचे पैसे गेले असं मान्य करावं लागलं असतं, आणि ते नको होतं. म्हणून तिसरा टप्पा भरला.

तिसऱ्या टप्प्यात रेझ्युमे आला. त्यात मी तीन वर्षं एका कंपनीत डीबीए, ४० डेटाबेस सांभाळलेले, डेटा गार्ड (डेटाबेसची दुसरी प्रत तयार ठेवणारं), आरमॅन (ओरॅकलचं बॅकअपचं टूल), पॅचिंग, चोवीस तास ऑन-कॉल. सोबत त्या कंपनीच्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र. पत्रावर एचआरचा नंबर होता. मी दुसऱ्या फोनवरून लावून बघितला. आपल्या मॅडमच! आवाज थोडा जाड केला होता, एवढंच.

पहिला इंटरव्ह्यू लागला. समोरच्या माणसाने पाचच मिनिटांत मला उघडा पाडला, ते पण अजिबात न चिडता. त्याने एसजीए बिसजीए काही विचारलं नाही. विचारलं, शेवटचा बॅकअप कधी फेल झाला होता आणि तुम्हाला कसं कळलं? मी म्हणालो आमचे बॅकअप फेल होत नव्हते. तो म्हणाला, तीन वर्षांत, ४० डेटाबेसवर, एकदाही नाही? आर्काइव्ह लॉगची (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदींची) डिस्क कधी भरली नाही? मी गप्प. मग त्याने गिटलॅबचा, म्हणजे डेव्हलपरना कोड ठेवायला जागा देणाऱ्या कंपनीचा, किस्सा सांगितला, जो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. ३१ जानेवारी २०१७, त्यांच्या इंजिनिअरने रात्री दमलेल्या अवस्थेत दुय्यम सर्व्हर समजून मुख्य पोस्टग्रेस (हाही एक डेटाबेस) सर्व्हरची डेटा डिरेक्टरी उडवली, ३०० जीबीच्या आसपास डेटा, कमांड थांबवेपर्यंत साडेचार जीबी उरला. बॅकअप बघायला गेले तर रिकामे, कारण डंप (बॅकअपची फाइल) काढणारं टूल ९.२ व्हर्जनचं आणि डेटाबेस ९.६ चा, त्यामुळे डंप रोज फेल होत होता, आणि फेल झाल्याचे ईमेल पण मेलच्या सेटिंगमुळे नाकारले जात होते म्हणून कुणाला पत्ताच नाही. नशीब म्हणून कुणीतरी सहा तास आधी हाताने स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेतलेला होता. त्यांनी हे सगळं स्वतःच जाहीर लिहून टाकलंय. तो म्हणाला, एवढ्या मोठ्या लोकांचे बॅकअप फेल होतात आणि तुमचे होत नाहीत, मग एक तर तुम्ही बघितले नाहीत किंवा तुमच्याकडे डेटाबेसच नव्हते. फोन ठेवताना म्हणाला हा रेझ्युमे काढून टाका.

संस्थेला सांगितलं तर त्यांच्याकडे यावर पण पॅकेज तयार. पुढच्या इंटरव्ह्यूला तुम्ही फक्त कॅमेऱ्यासमोर बसा आणि ओठ हलवा, बोलेल आमचा माणूस. त्याचे पैसे वेगळे. मी नाही म्हणलं. धाडस वगैरे काही नाही, सरळ घाबरलो. त्यांनी तरी इंटरव्ह्यू लावला, मी बसलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी ईमेल आला की उमेदवाराने लावलेला इंटरव्ह्यू चुकवल्यामुळे कराराप्रमाणे फी परत मिळणार नाही. करार काढून वाचला, खरंच होतं तसं कलम. तक्रार करायचं बोललो तर शांतपणे आठवण करून दिली की खोटं पत्र तुमच्या नावाचं आहे, सही पण तुमची आहे. मग काय बोलणार.

दोन महिने मी डेटाबेस या शब्दाकडे पण बघितलं नाही. मग आमच्याच ऑफिसातल्या डीबीएला, ज्याच्या स्क्रिप्ट मी दोन वर्षं चालवत होतो, त्याला एकदा सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग म्हणाला मला का नाही विचारलंस? खरंच का नाही विचारलं माहीत नाही. तीन खुर्च्या सोडून बसायचा तो.

त्याने सांगितलं ते सगळं फुकट होतं. ओरॅकलची एक्सई आवृत्ती फुकट आहे, १२ जीबी डेटा आणि २ जीबी मेमरीची मर्यादा, शिकायला भरपूर. एसक्यूएल सर्व्हरची डेव्हलपर आवृत्ती २०१६ पासून फुकट, प्रॉडक्शनला वापरायची नाही एवढीच अट. पोस्टग्रेस तर मुळातच मोफत. मी लॅपटॉपवर एक्सई टाकलं आणि पहिलाच आरमॅन बॅकअप ओआरए-१९६०२ देऊन आपटला, कारण डेटाबेस नो-आर्काइव्हलॉग मोडमध्ये होता, म्हणजे बदलांच्या नोंदी जपून ठेवत नव्हता, आणि तसा चालू डेटाबेसचा बॅकअप घेता येत नाही. आठ महिन्यांचा पगार घेतलेल्या क्लासमध्ये हा एरर कधी दिसला नव्हता. तो सोडवला, बॅकअप घेतला, मग मुद्दाम एक डेटाफाइल (जिच्यात खरा डेटा असतो ती) आरएम या लिनक्सच्या कमांडने उडवली. आणि डेटाबेस चालूच राहिला! अर्धा तास मी येड्यासारखा बघतोय. लिनक्सवर फाइल उघडी असताना उडवली तर ज्या प्रोसेसने उघडलीये तिला ती दिसतच राहते, हे मला त्या दिवशी कळलं. मग जबरदस्तीने बंद करून चालू केला तेव्हा ओआरए-०११५७ (डेटाफाइल सापडत नाही) आला, आणि रिस्टोअर, रिकव्हर करून तो उघडेपर्यंत पहाट झाली. सगळं वहीत लिहिलं, वेळेसकट.

तीच वही दाखवून त्या डीबीएकडून आमच्या टेस्ट सर्व्हरवर दर आठवड्याला रिस्टोअर करून बघायचं काम मागून घेतलं, जे टीममध्ये कुणालाच नको असतं. तिसऱ्याच आठवड्यात एक बॅकअप अर्धवट निघाला. म्हणजे त्या माणसाच्या प्रश्नाचं उत्तर आता माझ्याकडे आहे. वर्ष झालं, पदावर ज्युनिअर डीबीए लिहिलंय.

त्या ओळखीच्या मुलाला मी एवढंच म्हणलं की त्यांना सांग, मला तुमचा क्लायंट डेटाबेस आधी दाखवा आणि माझ्यासमोर एक फाइल उडवून रिस्टोअर करा. त्याने विचारलं. परत फोन आला नाही.

एक गोष्ट मात्र अजून निस्तरता आलेली नाही. संस्थेने जॉब पोर्टलवर माझ्या नावाने खातं उघडलं होतं, नंबर माझा पण ईमेल त्यांचा, त्यामुळे मला लॉगिन करता येत नाही, आणि पोर्टलला तीनदा कळवून पण तो रेझ्युमे तिथेच आहे. महिन्यातून एकदा तरी कुणीतरी रिक्रूटर फोन करतो, सर तुमचा चार वर्षांचा एक्सपिरियन्स दिसतोय (हो, दरवर्षी तो आपोआप वाढतो). मी सांगतो, तो रेझ्युमे खोटा आहे, खरा एका वर्षाचा आहे, पाठवू का? बहुतेक जण फोन ठेवतात. दोघांनी मागवून घेतला.