जिभेखालची गोळी आणि गुहागर बाजारपेठेतील औषधाचे दुकान

छातीत कळ आल्यास जिभेखाली ठेवण्यासाठी माझ्या वडिलांना डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट ५ मिलिग्रॅम लिहून दिली, तेव्हा पहिल्या गोळ्या आम्ही बाहेरगावच्या एका दुकानातून आणल्या होत्या. पट्टीच्या कापलेल्या तुकड्यावर मुदतीची तारीख नव्हती, आणि गोळी कशी घ्यायची हे कोणी न सांगितल्यामुळे वडिलांनी ती पाण्याबरोबर गिळून टाकली.

त्यानंतर आम्ही गुहागरच्या बाजारपेठेतील या दुकानात जाऊ लागलो. येथील फार्मासिस्ट बाईंनी चिठ्ठी पाहताच वडिलांना बाकावर बसवून सांगितले, "काका, गिळलेली गोळी आधी यकृतात जाते आणि तिचा बराच भाग तिथेच वाया जातो, जिभेखाली विरघळली की औषध थेट रक्तात उतरतं, म्हणून काही मिनिटांत आराम पडतो." गोळी बसूनच घ्यावी, कारण रक्तदाब उतरून भोवळ येऊ शकते, नंतर डोके दुखले तर घाबरू नये, आणि पाच मिनिटांत कळ ओसरली नाही तर वाट न पाहता १०८ला फोन करावा, हेही त्यांनी बजावले. सिल्डेनाफिलसारखे लैंगिक दुर्बलतेवरचे औषध घेता का, हा प्रश्नही त्यांनी मला बाजूला पाठवून, पण न संकोचता विचारला. दोन्ही एकत्र आल्यास रक्तदाब जिवावर बेतण्याइतका खाली जातो, त्यामुळे तो विचारायलाच हवा होता.

विक्रीपेक्षा माणूस मोठा मानणारे हे दुकान आहे, असे मी जबाबदारीने लिहितो. रक्तदाब वाढला की निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली घेण्याची जुनी सवय असलेल्या आमच्या शेजाऱ्यांना त्यांनी कॅप्सूल न देता डॉक्टरांकडे पाठवले, कारण रक्तदाब असा एकाएकी कोसळल्याने पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. आईने बी १२ची जिभेखालची महाग गोळी मागितली, तेव्हा गिळण्याची साधी गोळीही तितकीच लागू पडते, असे सांगून त्यांनी स्वस्त पट्टी हातात ठेवली.

गोळी पट्टीतून आधीच काढून सुटी ठेवू नये, या दमट हवेत ती खराब होते, हा त्यांचा सल्ला वडील आता पाळतात. पोफळीच्या बागेत शिंपणे करायला जाताना पट्टी छोट्या डबीत घालून बरोबर नेतात.

उणीव एकच. दुपारी एक ते चार दुकान बंद असते आणि दारावर संपर्काचा क्रमांकही लावलेला नाही. म्हणून आम्ही घरात एक जादा पट्टी ठेवतो.