न्यू-मॅन योस्ट पोर्शे ९५६, ७ नंबरची गाडी (१:१८ रेझिन मॉडेल): एका रेडियमवाल्याचा रिव्ह्यू

जळगावात अजिंठा चौफुलीजवळ माझं रेडियमचं दुकान आहे. नंबर प्लेटा, केळीच्या पिकअपवर ‘कानबाई माता प्रसन्न’, ट्रॅव्हल्सच्या मागच्या काचेवर मालकाच्या पोरांची नावं, हे आमचं रोजचं काम. त्यामुळे मॉडेल हातात आलं की गाडी नंतर, आधी तिच्यावरचं लिखाण बघतो.

लिखाण पास, आणि चांगल्या मार्कांनी. पिवळा, काळा आणि पांढरा जिथे एकमेकांना भिडतात तिथे भिंग लावूनही कड फुटलेली दिसत नाही. दाराच्या फटीवरून जाणारं अक्षर नीट कापून आत बसवलंय, नुसतं वरून ताणलेलं नाही. चाकावरच्या गोलाईवर एकही बुडबुडा नाही. न्यू-मॅन ही फ्रान्सची कपड्यांची कंपनी. तिचा लोगो उलटा धरला तरी तसाच वाचता येतो. असं गिऱ्हाईक मिळालं तर माझ्या दुकानातल्या पोरांच्या निम्म्या चुका पचून जातील, भो!

आता ही गाडी का घ्यावी, ते सांगतो. रंगीत पोर्शे बाजारात ढिगानं मिळतात. पण ही पोर्शे कंपनीच्या स्वतःच्या टीमची नाही, तिच्याकडून गाडी विकत घेणाऱ्या गिऱ्हाइकाची आहे. जर्मनीच्या ओडेनवाल्ड भागातला राइनहोल्ड योस्ट आधी स्वतः ड्रायव्हर होता. १९८० च्या ले मान्समध्ये (फ्रान्समधली चोवीस तासांची मोटार शर्यत) जॅकी इक्स या ड्रायव्हरच्या जोडीनं तो दुसरा आला होता. १९७८ साली त्यानं आपली टीम काढली. पोर्शेनं १९८३ पासून ९५६ ही शर्यतीची गाडी गिऱ्हाइकांना विकायला काढली आणि योस्टनं घेतली. या मॉडेलची मूळ गाडी म्हणजे ११७ नंबरची चॅसी, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा. १९८४ ला तिनं ले मान्स जिंकली, क्लाउस लुडविग आणि आंरी पेस्कारोलो चालवत होते. त्या वर्षी इंधनाच्या नियमांवरून बिनसल्यामुळे कंपनीची टीम आलीच नव्हती. मैदान मोकळं होतं, मग जिंकले त्यात काय, असं कोणीही म्हणेल.

पण १९८५ ला कंपनी नवीकोरी ९६२ घेऊन आली, आणि योस्ट तीच जुनी ११७. त्या वर्षी अख्ख्या शर्यतीला २,२१० लिटर पेट्रोल मिळायचं, त्यावर थेंब नाही. गाडी किती पळते यापेक्षा किती ‘देते’, हा आपल्याकडचा पहिला प्रश्न तिथेही लागू झाला. सुरुवातीला योस्टची गाडी आणि रिचर्ड लॉइडच्या टीमची ९५६, दोघी आळीपाळीनं पुढे-मागे होत एकमेकींच्या आडोशानं पळाल्या. हायवेवर ट्रकच्या मागे सायकल लावली की पायडल हलकं होतं, तोच हिशेब. तेव्हा तिथली सरळ वाट जवळपास सहा किलोमीटरची होती, मध्ये शिकेन (वेग कमी करायला मुद्दाम घातलेली वळणं) नव्हत्या, म्हणजे वाऱ्याच्या आडोशाला भरपूर किंमत. शेवटी योस्टची गाडी ३७३ फेऱ्या मारून पहिली, लॉइडची दुसरी. कंपनीची सगळ्यात पुढची गाडी तिसरी! लिटरला सव्वादोन-अडीच किलोमीटरच्या मधलं अॅव्हरेज पडलं. आपल्या भरलेल्या ट्रकवाल्याला हसू येईल, पण हा वेग धरून चोवीस तास ते टिकवणं सोपं नाही.

हे मॉडेल १९८५ चं आहे. लुडविगबरोबर नावं आहेत पाओलो बारिल्ला (पास्तावाल्या घराण्यातला) आणि ‘जॉन विंटर’. हा विंटर खरा ब्रेमेनचा लाकडाचा व्यापारी लुई क्रागेस. शर्यती खेळतो हे घरी कळू नये म्हणून खोटं नाव लावायचा. जिंकल्यावर पेपरात फोटो आला आणि पितळ उघडं पडलं. गाडीवर विंटर बरोबर लिहिलंय, पण खोक्याच्या कार्डावर मॉडेलवाल्यांनी खरं नाव छापून टाकलंय. बिचाऱ्यानं एवढं लपवलं ते कशासाठी?

आता खोट. रेझिनचं मॉडेल असल्यानं ना दार उघडतं ना मागचं कव्हर. इंजिन दाखवणार नसतील तर निदान तळ तरी नीट करायचा. ९५६ ची सगळी करामत पोटाखाली होती. तिथल्या कोरीव बोगद्यांतून हवा खेचली जाऊन गाडी रस्त्याला चिकटायची. मी बैठकीचे स्क्रू काढून उलटी करून पाहिली तर बोगदे नावालाच, नखभर खोल आणि मॅट काळा रंग फासलेला. साडेअकरा हजार घेता तर एवढं करायला हवं होतं. आरसे फार नाजूक आहेत, फडक्यानं पुसूच नका, मेकअपचा मऊ ब्रश वापरा.

आपल्याकडच्यांसाठी खास सूचना. रेझिनला जळगाव-भुसावळचा मे महिना मानवत नाही. पश्चिमेच्या खिडकीजवळ शोकेस असेल तर तिथे ठेवू नका, पातळ विंग वाकते आणि टायर बैठकीला चिकटतात. मी दुकानातल्या कपाटात, इन्व्हर्टरपासून लांब ठेवलंय. धूळ आहेच, तिच्यासाठी अॅक्रिलिकची पेटी वेगळी घ्यावी लागते.

दुकानात येणारे विचारतात, एवढ्या पैशात पोरासाठी सेकंडहँड सायकल आली असती की. आली असती. मी मात्र आता याच टीमच्या दुसऱ्या गाडीच्या शोधात आहे. १९९६ आणि १९९७ ला पुन्हा तसंच घडलं, एकच चॅसी, दोन विजय, नंबर पुन्हा ७. जॅग्वारच्या टबवर (मधल्या सांगाड्यावर) पोर्शेचं इंजिन बसवलेली ती बिनछताची डब्ल्यूएससी-९५ पोर्शेनं अर्ध्यात सोडली होती. योस्टनं ती मागून घेतली आणि पहिल्याच वर्षी कंपनीच्या नव्या ९११ जीटी-१ ला मागे टाकलं.

तूर्त या मॉडेलला पाचपैकी चार. एक तळासाठी कापला. मागवायचं असेल तर पाऊस सुरू झाल्यावर मागवा, उन्हाळ्यात कुरियरच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये दोन दिवस पडून राहिलं तर विंग सरळ येण्याची खात्री मी देणार नाही.