हायब्रिडची बॅटरी वॉरंटीत बदलून मिळाली, त्याचा अनुभव

गाडी सेकंडहँड घेतली तेव्हा हायब्रिड बॅटरीची वॉरंटी शिल्लक होती, आणि खरं तर व्यवहार ठरला तो तिच्याच जोरावर. बऱ्याच कंपन्या या बॅटरीला 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर, यांतलं जे आधी भरेल तोवर हमी देतात. टोयोटाने अमेरिकेत 2020 च्या मॉडेलपासून ती 10 वर्षे किंवा दीड लाख मैलांपर्यंत नेली. मात्र वर्षं मोजली जातात ती पहिल्या मालकाला गाडी मिळाली त्या तारखेपासून. वॉरंटी सहसा गाडीला असते, मालकाला नाही, त्यामुळे ती पुढच्याकडे जाते. तरीही मी चॅसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर घेतलं होतं. तो कागद पुढे दोनदा काढावा लागला.

सुरुवातीचे महिने मजेत गेले. मग ॲव्हरेज हळूहळू घसरायला लागलं. सिग्नलला उभं असताना इंजिन सारखं सुरू व्हायचं, स्क्रीनवरची चार्जची पट्टी भराभर उतरायची आणि तितक्याच भराभर चढायची. मागच्या सीटजवळचा बॅटरीचा पंखा तर एसी लावलेला असतानाही ऐकू यायचा. गाडी सर्व्हिस सेंटरला नेली, स्कॅनर लावला, बिघाडाचा कोड एकही नाही. "बॅटरी पास आहे," म्हणून गाडी परत.

या वॉरंटीबद्दल माझी मुख्य तक्रार इथेच आहे. इलेक्ट्रिक गाड्यांच्या वॉरंटीत बहुधा आकडा दिलेला असतो: क्षमता 70 टक्क्यांखाली गेली तर कंपनी बघेल. हायब्रिडच्या पुस्तिकेत असा आकडा सहसा सापडत नाही. तिथे "उत्पादनातला दोष" एवढंच, आणि वयानुसार क्षमता कमी होणं हा दोष धरत नाहीत. म्हणजे तुम्हाला काय जाणवतंय याला फारशी किंमत नाही. गाडीच्या संगणकाने दोष नोंदवला पाहिजे.

आणि संगणक काय बघतो? टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या दुसऱ्या पिढीचं उदाहरण घ्या, कारण तिची रचना समजायला सोपी आहे. निकेल-मेटल हायड्राइडचा एक सेल 1.2 व्होल्टचा, असे 6 मिळून 7.2 व्होल्टचं एक मॉड्यूल, आणि अशी 28 मॉड्यूल एकामागोमाग जोडून 201.6 व्होल्ट. संगणक मॉड्यूलच्या जोड्यांचे व्होल्टेज एकमेकांशी ताडून पाहतो. सगळी मॉड्यूल सारख्याच वेगाने म्हातारी झाली तर तो बराच काळ गप्प बसतो. एखादं फार मागे पडलं की मात्र पी0ए80 हा कोड येतो, ज्याचा सरळ अर्थ "हायब्रिड बॅटरी पॅक बदला". माझी गाडी वेगळी, पण पद्धत हीच.

उन्हाळ्यात, एका लांब चढावर, तो कोड आला. डॅशबोर्डवर इशाऱ्यांची दिवाळी, पिकअप गेलेलं. उष्णता हा या बॅटरीचा मोठा शत्रू, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. उलट बरंच वाटलं, हे कबूल करतो. लगेच सर्व्हिस ॲडव्हायझरने पंख्याच्या जाळीचा फोटो मागितला. जाळी धुळीने बंद असेल तर बॅटरी तापते, आणि मग देखभालीत कसूर म्हणून दावा फेटाळता येतो. आधीच्या मालकाची आणि माझी, दोन्ही जॉबकार्डं फाइलमध्ये होती आणि प्रत्येकावर फिल्टर साफ केल्याची नोंद. विषय तिथेच संपला. जाळी घरी साफ करणाऱ्यांनी निदान तारखेसकट फोटो काढून ठेवावेत.

मंजुरी यायला वेळ लागला आणि त्या काळात रोज फोन मलाच करावा लागला. पण पॅक आणि मजुरी दोन्हींचे पैसे लागले नाहीत. 12 व्होल्टची साधी बॅटरीही अशक्त निघाली, ती मात्र खिशातून. तिची वॉरंटी वेगळी आणि बरीच कमी मुदतीची असते. बसवलेला पॅक नवा की कंपनीने दुरुस्त केलेला, हे विचारून बिलावर लिहून घ्या, कारण अटी बहुधा दोन्हीला मुभा देतात. बदललेल्या पॅकला नवी 8 वर्षे मिळाली नाहीत. मूळ मुदतीतलं जे उरलंय तेवढंच.

पुराचं पाणी, अपघात आणि बाहेर उघडलेला पॅक, या तीन गोष्टींवर वाद घालण्यात अर्थ नाही. मधल्या काळात एकाने "एकच मॉड्यूल बदलून देतो, स्वस्तात होईल" असं सुचवलं होतं. बॅटरी पॅकला जोडलेल्या नारिंगी केबलच्या टोकाला माणूस मारण्याएवढं व्होल्टेज असतं हे तर आहेच, पण सील तुटलं असतं तर दावाही गेला असता. शिवाय जुन्या मॉड्यूलमध्ये एक ताजं घातलं की तफावत पुन्हा उभी राहते.

आता ॲव्हरेज पूर्ववत आहे, पंखा ऐकू येत नाही. मूळ मुदत संपत आल्यामुळे वाढीव वॉरंटीचं पत्रक मिळालंय. त्यावर ठळक अक्षरात "हायब्रिड प्रणालीसह" असं छापलंय. आतल्या यादीत इन्व्हर्टर आहे, पंखा आहे, कंट्रोल युनिट आहे, पण बॅटरी पॅक कुठेच नाही. मी विचारणा लेखी पाठवली आहे. उत्तर येईपर्यंत सही करणार नाही.